मातीचा कोंबडा

शियानला गेले ती यजमानांच्या कामानिमित्त. ते दिवसभर बैठकांत आणि मी डब्यात दशम्या नि शेंगदाण्याची चटणी घेऊन शहर पाहायला मोकळी. परतायचे मात्र दिवस मावळायच्या आत, कारण जेवण खोलीवरच. त्यामुळे रोज एकच ठिकाण नीट पाहून होई.

पहिल्या दिवशी अर्थात मातीचे सैन्य. शहराच्या पूर्वेला लिन्तोंगजवळ १९७४ साली शेतकरी विहीर खणत होते, तेव्हा ते हाती लागले. इ.स.पू. २१० मध्ये वारलेल्या चिन शी ह्वांग या पहिल्या सम्राटाच्या राखणीसाठी पुरलेले माणसाएवढे हजारो सैनिक. चेहऱ्याला चेहरा जुळत नाही. मूळचे रंग बाहेरची हवा लागताच सुकून गळून पडले, म्हणून आता सगळे मातकट दिसतात.

मला ते पाहून बरे वाटले होते. याच चिन घराण्याचा मू नावाचा राजा इ.स.पू. ६२१ मध्ये गेला, तेव्हा त्याच्याबरोबर १७७ माणसे मेली, असे सिमा च्येन हा जुना इतिहासकार लिहितो. इ.स.पू. ३८४ मध्ये ही चाल राजाज्ञेने बंद झाली. जिवंत माणसांच्या जागी माती आली, केवढी ही दया, असे मनात आले. पण तोच इतिहासकार पुढे सांगतो, की पहिला सम्राट गेल्यावर त्याच्या ज्या राण्यांना मूल नव्हते त्यांना त्याच्यामागे मरायला लावले, आणि थडग्यातली गुपिते ठाऊक असलेल्या कारागिरांना आत कोंडले. चाल बंद होऊन पावणेदोनशे वर्षे झाली होती! मैत्रिणींनो, मूल नसलेल्या सुनेला आपल्याकडे काय काय ऐकावे लागते ते तुम्हाला सांगायला नको. ते वाक्य वाचून मी बराच वेळ तिथल्या बाकावर बसून होते.

दुसऱ्या दिवशी यांगलिंग. ही हान घराण्याच्या चिंग सम्राटाची समाधी, इ.स.पू. १४१ ची. इथे जमिनीखाली उतरायचे आणि काचेवरून चालायचे. पायाखाली हातभर उंचीच्या बाहुल्या, उघड्या नि बिनहाताच्या. हात लाकडाचे होते आणि कपडे कापडाचे, ते कुजून गेले. पुढच्या खड्ड्यात मातीची डुकरे, कुत्री, शेळ्या, गाई, कोंबड्या, ओळीने मांडलेल्या. राजाला परलोकात अन्न कमी पडू नये म्हणून.

कोंबडी दिसली आणि मला यशोधर राजा आठवला. वाईट स्वप्न पडले म्हणून आई चंद्रमतीने देवीला बळी द्यायचा हट्ट धरला. राजा नाही म्हणाला, आणि शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा कापला. तेवढ्या संकल्पापायी मायलेकरांना मोर, कुत्रा अशा योनींत किती जन्म फिरावे लागले! याच गोष्टीमुळे आमच्या घरी प्राण्यांच्या आकाराची बिस्किटे येत नाहीत, आणि भाजी ‘चिरायची’ असते, ‘कापायची’ नसते. मग ही मातीची कोंबडी कोणत्या खात्यात धरायची?

तिसऱ्या दिवशी मोठा हंस पॅगोडा. ६५२ साली बांधला तो ह्युएन त्सांगाने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी. त्याने महाराष्ट्रात येऊन पुलकेशीचे राज्य पाहिले आणि प्रवासवर्णनात जागोजागी निर्ग्रंथांचा, म्हणजे आपल्या मुनींचा, उल्लेख केला. त्याच पुलकेशीची प्रशस्ती ऐहोळेच्या जिनमंदिरावर ६३४ साली कोरली ती रविकीर्ती या जैन कवीने. इतक्या लांब येऊन घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. पण खरे सांगते, मन यांगलिंगमध्येच अडकले होते.

तिथल्या दुकानातून नातवासाठी मातीचा कोंबडा घ्यावा असे वाटले होते, पण हात धजला नव्हता. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना सगळे सांगितले.

“तिथं सुरी कुणी चालवली?” त्यांनी विचारले.

“कुणीच नाही.”

“मग ठेवलं कशाला?”

“राजाला खायला.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कोंबडा नको गं. घोडा आण.”

घोडाच आणला. आठवड्यात नातवाने त्याचा एक कान मोडला. सासूबाईंनी त्याला हात जोडून घोड्याची क्षमा मागायला लावली.