खानदानी ऊस आणि रानची काश



ज्याचा जन्म कामगारांच्या सभा-मोर्चांत गेला त्याने गवतावर व्याख्यान द्यावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण आम्हांला या विषयाची गोडी लावली ती एका ऊसतोडणी कामगारानेच. तीसएक वर्षांपूर्वी साखर कामगारांत नुकतेच काम करू लागलो असता, कालव्याच्या काठी उंच वाढलेले, पांढऱ्या तुऱ्यांचे एक झुडूप पाहून आम्ही विचारले, "मामा, हा ऊस असा बारीक का राहिला?" मामांनी कोयत्याने बुंधा उकरला आणि मातीखाली आडवे धावणारे खोड दाखवले. "ऊस नव्हं भाऊ, काश हाय ही. वरून वळखू नका, खालून वळखा."

या एका वाक्यात उसाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासाचे सार आहे, हे कळायला आम्हांला पुढे बरीच पुस्तके वाचावी लागली.

काश, मुंज आणि ऊस ही बहुवर्षायू गवते दुरून सख्खी भावंडे दिसतात. आपल्या पूर्वजांनी मात्र त्यांत गल्लत केली नाही. चरकाच्या तृणपंचमुळांत शर, इक्षु, दर्भ, काश आणि शाली अशी पाच निराळी नावे आहेत. बटूच्या कमरेला बांधायची ती मेखला मुंजाची; त्यावरूनच आपण त्या संस्काराला 'मुंज' म्हणतो. तेथे काश चालत नसे.

ओळखायचे कसे? काश जमिनीखालून पसरत जाते, तर मुंज एका जागी मोठे ठोंब धरते. काशेचे पाते अरुंद. त्यात मधली पांढरी शीरच ठळक. भिंग लावून तुरा पाहावा. काशेत प्रत्येक कणिशिकेच्या बुडाशी लांब रेशमी केस असतात, पण तुसाची पाठ गुळगुळीत असते. मुंजात तुसाच्या पाठीवरही लव असते. भेद एवढासाच, पण त्याचे मोल पुढे कळले.

लिनीअसने १७५३ साली जाड, रसाळ उसाला शास्त्रीय नाव दिले आणि १७७१ साली काशेला. दोघांना त्याने एकाच प्रजातीत बसवले. परंतु मळेवाल्यांच्या लेखी एक धन होते आणि दुसरे तण. जावा बेटातील डच मंडळी तर जाड उसाला 'खानदानी ऊस' म्हणत. हे खानदान १८८०नंतर संकटात आले. 'सेरेह' नावाच्या रोगाने जावातील मळे खुरटू लागले. त्याच सुमारास, १८८७-८८मध्ये, जावात सोल्टवेडेलने आणि बार्बाडोस बेटात हॅरिसन व बोव्हेल यांनी दाखवून दिले की उसाच्या तुऱ्यातील बी उगवते. कांडी पुरून लावण करण्यापलीकडे संकराची वाट खुली झाली.

जावातील चेरमाई डोंगराच्या उतारावर 'कासूर' नावाचा एक बारीक ऊस सापडला. त्याला सेरेह होत नसे. तो होता कोण? ब्रेमर या डच संशोधकाने १९२०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजून हिशेब मांडला. खानदानी उसाची ८०, जावातील काशेची ११२ आणि कासूरची १३६. रीतसर निम्मी-निम्मी वाटणी झाली असती तर ९६ भरली असती; येथे आईने आपली सगळी ८० दिली आणि बापाने ५६. कासूर हा खानदानी उसाचा आणि रानकाशेचा पोर ठरला! त्याच्याच वंशातून येसवीट याने १९२१ साली केलेल्या संकरातून 'पी.ओ.जे. २८७८' हे वाण निघाले. दहा वर्षांच्या आत जावातील बहुतेक मळे त्याच्याखाली आले.

आपल्याकडे कोईमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ साली सुरू झाले. तेथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी खानदानी उसाचा तेथल्याच काशेशी संकर केला. त्यातून आलेले 'को. २०५' हे वाण १९१८ साली उत्तर हिंदुस्थानच्या शेतांत गेले. तेथली थंडी जाड उसाला मानवत नव्हती. ती या संकराने सोसली. आपल्या दख्खनच्या कालव्यांवर गाजलेल्या 'को. ४१९'चा एक जनक म्हणजे तेच जावातील २८७८. आज आपल्या फडांत उभा असलेला '८६०३२' हाही त्याच वंशातला. म्हणजे आपण चहात घालतो त्या साखरेत काशेचा वाटा आहेच.

मुंजाची गोष्ट निराळी. पुष्कळ काळ तिची गणना उसाच्याच प्रजातीत होई, आणि तिच्या गोतातील गवतांशी उसाचा संकर साधण्यासाठी संशोधकांनी फार कष्ट घेतले. यश मोठ्या मुश्किलीने मिळाले. आता वंशद्रव्याच्या तपासणीवरून शास्त्रज्ञांनी तिला वेगळ्या प्रजातीत नेले आहे. जी सख्खी वाटत होती ती दूरची निघाली.

काशेचे गोडवे गाताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मध्य हिंदुस्थानातील शेतकऱ्यांची हजारो एकर काळी जमीन याच गवताने गिळली. स्वातंत्र्यानंतर ती मोडून काढायला सरकारला ट्रॅक्टरांचा ताफा पाठवावा लागला. पनामात ते आजही उपद्रवी तण आहे. जी मुळे उसाला चिवटपणा देतात, तीच शेतकऱ्याचा नांगर अडवतात. म्हणून गवत चांगले की वाईट असे विचारण्यापेक्षा ते नेमके कोणते, हे आधी विचारावे.

आम्हां कामगारांना 'खानदानी' या शब्दाचे थोडे हसूच येते. कारखान्याच्या हजेरीपटावरही 'कायम' आणि 'हंगामी' अशा दोन जाती असतात, आणि गाळप कोणाच्या घामावर चालते हे त्या पटावरून कळत नाही. परंतु आमचे मागणे आज वेगळे आहे. कोईमतूरच्या संस्थेने उसाच्या रानजातींचा संग्रह जपला आहे. उद्या नवा रोग आला तर औषध तेथेच शोधावे लागेल. तसेच धन आपल्या नदीकाठी अजून उभे आहे. सारे एकच गवत समजून त्यावर जेसीबी फिरवण्याआधी कोणीतरी वाकून बुंधा उकरून पाहावा. मामांनी आम्हांला शिकवले ते एवढेच.