माजी सैनिक आणि ई जीवनसत्त्व

झाशीहून बोलतोय.

या शहराचा १८५८ चा वेढा आपल्याला घरच्या गोष्टीसारखा माहीत आहे, तो वरसईच्या गोडसे भटजींमुळे. त्यांनी तो प्रत्यक्ष पाहिला आणि कितीतरी वर्षांनी आठवणीतून लिहिला. ‘माझा प्रवास’ छापून आला १९०७ साली. त्याच वर्षी जर्मनीत डॉक्टर अल्झायमर यांचा निबंध छापला गेला, आठवण हरवत गेलेल्या एका बाईच्या मेंदूवर. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना पेशींबाहेर साका दिसला आणि आत धाग्यांचा गुंता. दोन्ही एकाच साली, हा निव्वळ योगायोग.

ई जीवनसत्त्व त्यानंतरचं. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात इव्हान्स आणि बिशप यांना ते सापडलं, तेही उंदरांच्या गर्भधारणेचा अभ्यास करताना. मेंदूचा तेव्हा विषयच नव्हता! पण मेंदूत स्निग्धांश भरपूर. तेल जसं हवेने खवट होतं, तसा तो ऑक्सिजनमुळे बिघडतो, आणि हे जीवनसत्त्व तो बिघाड अडवतं. तिथून दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या.

आता आपल्या फौजी लोकांचा भाग. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत अल्झायमरच्या ६१३ रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष आले २०१४ मध्ये. मात्रा दिवसाला २००० युनिट. आंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या कामांतली घसरण वर्षाला १९ टक्क्यांनी मंदावली. सव्वादोन वर्षांत साधारण सहा महिने हाती लागले. स्मरणशक्तीच्या परीक्षेत मात्र ठळक फरक नाही.

सहा महिने थोडे वाटतात? ज्या घरात सत्तरीची बायको नवऱ्याला एकटी आंघोळ घालते, तिथे विचारा.

पण इथले माझे काही जुने सोबती काहीही झालेलं नसताना हीच कॅप्सूल ‘मेंदूसाठी’ घेतात. त्यांना मी २०१७ चा अभ्यास सांगतो. साठीपुढच्या साडेसात हजार पुरुषांत ई जीवनसत्त्वाने स्मृतिभ्रंश टळला नाही. हे पुरुष ज्या मोठ्या चाचणीतले, तिथे २०११ मध्येच दिसलं होतं, की रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वेगळीच.

निदान झालं असेल, तर न्यूरॉलॉजिस्टपुढे हा विषय जरूर काढा. जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.