पांझरेचे फड आणि सरकारी अंमलदार

खानदेश म्हटला कीं सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें काळी कसदार जमीन, कापसाचे ढीग व जळगांवकडील केळीच्या बागा उभ्या राहतात. त्याच खानदेशच्या पश्चिम भागांत, साक्री व धुळें तालुक्यांतून वाहणाऱ्या पांझरेच्या कांठीं, पाण्याच्या कारभाराची एक पद्धत सुमारें तीनशें वर्षें चालत आली, ही गोष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक असते. तिचें नांव फड.

नदींत एकामागून एक दगडी बंधारे घालावयाचे, प्रत्येक बंधाऱ्यापासून पाट काढावयाचा, आणि पाटाखालील जमिनीचे तीनचार मोठे भाग पाडावयाचे. असा एकेक भाग म्हणजे एकेक फड. एका फडांत एका सालीं एकच पीक: कोठें ऊस, कोठें भात, कोठें गहूं, पुढील सालीं अदलाबदल. बहुतेक खातेदारांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे, आणि माझ्या मतें सगळी मेख येथेंच आहे. पाणी अपुरें पडेल असें दिसलें तर एखादा फड त्या वर्षीं कोरडा ठेवीत. त्यामुळें तोटा कोणा एकाच्या माथीं न बसतां सर्वांच्या वांट्यास येई. शेतकऱ्यानें स्वतः पाण्याला हात लावावयाचा नाहीं. पाणी पाजील तो पाटकरी, पिकाची राखण करील तो जागल्या, या दोघांवर देखरेख हवालदाराची, आणि सर्वांच्या वर पंच. या नोकरांचा मेहनताना धान्याच्या रूपानें मिळे. पाटांतील गाळ उपसण्याचें काम पाण्याच्या वांटेकऱ्यांनाच करावें लागे, व त्यांत मोठा खातेदार म्हणून सूट नसे.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली व कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळ्यास ठाणें देऊन खानदेशचा कारभार हातीं घेतला. पेंढाऱ्यांच्या धामधुमीनें व १८०२ ते १८०४ च्या दुष्काळानें मुलूख ओसाड झालेला. नद्यांतून पडके बंधारे ठिकठिकाणीं दिसत. नवे अंमलदार हुशार खरे, पण त्यांची तालीम सारा बसविण्याची होती, पाणी वांटण्याची नव्हे. रयतेचें मन न जाणतां मोजणी रेटल्याचें फळ १८५२ सालीं पूर्व भागांत दिसलें. सावदा, यावल, एरंडोल या बाजूंचे शेतकरी मोजणीविरुद्ध उठले, व फौज आणून त्यांस आंवरावें लागलें. १८७९ सालीं मुंबई इलाख्याचा पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला. तेव्हांपासून कालव्याचें पाणी हा खात्याचा विषय झाला आणि त्या खात्यास माणसें हवीं झालीं.

त्या माणसांपैकीं एकाची हकीकत सांगण्यासारखी आहे. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून १८८३ सालीं परीक्षा उतरले व दुसऱ्याच वर्षीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत असिस्टंट इंजिनियर झाले. प्रथम नाशिक, मग धुळें. तेथें त्यांच्याकडे आलेलें पहिलें काम पांझरेच्या एका प्रवाहाच्या आड नळाचा सायफन बसविण्याचें होतें. पावसाळ्यानें अडचण केली, तेव्हां काम पावसाळा सरेपर्यंत थांबवावें असें त्यांनीं वर लिहिलें. उत्तरांत शिस्तीच्या अभावाबद्दल टोमणा आला! तरुण अधिकाऱ्यानें तो मनाला लावून घेतला आणि काम तडीस नेलें. नदी पुस्तकाप्रमाणें वागत नाहीं हा धडा कॉलेजांत मिळणारा नव्हता.

पुढें १९०० च्या सुमारास याच गृहस्थांनीं दक्षिणेंतील कालव्यांवर 'ब्लॉक पद्धत' सुचविली: कालव्याखालील निवडक पट्ट्यांतच पाणी द्यावयाचें, व त्यांत पिकांची ठराविक फेरपालट करावयाची. फडाशीं तिचें साम्य कोणाच्याहि लक्षांत येईल. तेवढ्यावरून एकानें दुसऱ्याचें उचललें असें म्हणणें उतावीळपणाचें होईल. पण दोहोंतील फरक साम्याहून बोलका आहे. ब्लॉकमध्यें पाण्याची किल्ली कालवा अधिकाऱ्याच्या हातीं; फडांत ती पंचांच्या हातीं. शिवाय अधिकाऱ्याची बदली होते. पाटकऱ्यास आज चुकार पाणी पाजलें तर उद्यां त्याच गांवांत तोंड दाखवावें लागे.

स्वातंत्र्यानंतर मोठीं धरणें झालीं. गिरणा धरण १९६९ सालीं पुरें झालें, तापीवर हतनूर झालें, पांझरेच्या खोऱ्यांतहि साठे बांधले गेले. नदीचें पाणी वरच अडलें, विहिरींवर पंप बसले, आणि ज्याला स्वतःचें पाणी मिळालें त्याला फडाचें बंधन जाचूं लागलें. बरेच फड मोडले. दोष एकट्या सरकारचा नव्हे.

चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. पाटबंधारे, शेती वगैरे खात्यांच्या अधिकाऱ्यांस पाणी वापराचें शिक्षण देण्याकरितां १९८० सालीं औरंगाबादेस (आतांचें छत्रपती संभाजीनगर) जल व भूमि व्यवस्थापन संस्था निघाली. २००५ सालीं तर कायदाच झाला, कीं पाणी मोजून शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेच्या स्वाधीन करावें, व आंतील वांटप संस्थेनें आपलें आपण करावें. म्हणजे पाणी कसें द्यावें हें शिकलेल्या अधिकाऱ्यास आतां तें हातचें कसें सोडावें हेंहि शिकावें लागतें, आणि हें दुसरें शिक्षण पहिल्याहून जड आहे. संस्थांनाहि नियम, ठराव, नोंदवह्या शिकाव्या लागतात. त्यांतील पुष्कळसें पांझरेकांठच्या म्हाताऱ्या पाटकऱ्यांस तोंडपाठ होतें. फक्त तें कोणीं लिहून घेतलें नाहीं, कारण त्यांना लिहावयास येत नव्हतें व ज्यांना येत होतें ते साऱ्याचे आंकडे लिहिण्यांत गुंतले होते.