इंद्रलाल रॉय ह्यांची युद्धसेवा : एका आकड्याची चिकित्सा

पहिल्या महायुद्धातील भारतीयांच्या इतिहासात इंद्रलाल रॉय ह्यांचे नाव बहुधा एका आकड्यासह येते. शत्रूची दहा विमाने पाडणारा एकोणीस वर्षांचा वैमानिक, ही त्यांची रूढ ओळख होय. परंतु त्यांना मरणोत्तर मिळालेल्या ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ ह्या पदकाच्या मानपत्रात तेरा दिवसांत नऊ विमाने असा उल्लेख आहे. ही तफावत क्षुल्लक वाटते. तथापि तिचा उलगडा करू लागले म्हणजे त्या काळच्या युद्धनोंदी कशा वाचाव्यात आणि एका अल्प आयुष्याचे मोल कशावरून ठरवावे, हे दोन्ही प्रश्न समोर येतात.

रॉय ह्यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्ता येथे झाला. वडील बॅरिस्टर होते. आई ललिता रॉय लंडनमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत सहभागी होत्या. इंद्रलाल ह्यांचे शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स स्कूलमध्ये झाले. एप्रिल १९१७ मध्ये ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले आणि ५ जुलै १९१७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटची सनद मिळाली. ह्या तारखेला स्वतंत्र महत्त्व आहे. हिंदी सैन्याच्या लढाऊ दलांत भारतीयांना राजसनद देण्याचा निर्णय त्यानंतर, म्हणजे ऑगस्ट १९१७ मध्ये जाहीर झाला. स्वदेशाच्या सैन्यात ज्या अधिकारपदाचे दार बंद होते, ते ह्या नव्या दलाने मोजक्या भारतीय तरुणांना उघडून दिले. हरदितसिंग मलिक, एरॉल चंदर सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे त्यांपैकी होत. वेलिणकर जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्समध्ये जखमी होऊन मरण पावले.

ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस रॉय ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. ६ डिसेंबरला त्यांचे एस. ई. ५ विमान कोसळले. त्यांना मृत समजून शवागारात ठेवले होते व तेथे ते शुद्धीवर आले, ही कथा चरित्रलेखक हौसेने सांगतात. ती बाजूला ठेवली तरी उरणारी वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. दुखापतीमुळे ते उड्डाणास अपात्र ठरले आणि पुन्हा आघाडीवर येईपर्यंत सुमारे सहा महिने गेले. ह्या काळात त्यांनी विमानांची अनेक रेखाचित्रे काढली. त्यांतील बरीच उपलब्ध आहेत. अपात्रतेचा निर्णय हाती असता परतण्यास सन्मान्य सबब होती. ती त्यांनी वापरली नाही.

जून १९१८ मध्ये ते ४० व्या स्क्वाड्रनमध्ये आले. दरम्यान, १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स अस्तित्वात आले होते. जॉर्ज मॅकएलरॉय हे अनुभवी आयरिश वैमानिक त्यांचे तुकडीप्रमुख होते. रॉय ह्यांच्या नावावरील विजयांचा क्रम असा आहे : ६ जुलैला एक, ८ जुलैला तीन, १३ जुलैला दोन, १५ जुलैला दोन, १८ जुलैला एक आणि १९ जुलैला एक. ६ ते १८ जुलै हे दोन्ही टोके धरून तेरा दिवस होतात, आणि तेवढ्या दिवसांतील विजयांची बेरीज बरोबर नऊ येते. तेव्हा मानपत्राचा आधार असलेली शिफारस दहावा विजय हिशेबात येण्यापूर्वीची असावी, असा तर्क करता येतो. नऊ आणि दहा ह्या दोन आकड्यांत वस्तुतः विरोध नाही. ते एकाच नोंदवहीचे दोन दिवसांचे हिशेब आहेत.

परंतु ‘विजय’ म्हणजे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. ब्रिटिश नोंदींत शत्रूचे विमान ‘नष्ट’ झाले ह्याप्रमाणेच ते ‘ताबा सुटून खाली गेले’ हेही विजयात धरले जाई. शिवाय काही विजय दोन वैमानिकांचे सामाईक असत. रॉय ह्यांच्या दहांपैकी दोन तसे आहेत. ‘एस’ ही पदवीही फ्रेंचांनी पत्त्यांच्या डावातील एक्क्यावरून घेतलेली. पाच विजयांची अट रूढ झाली, तरी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिला औपचारिक मान्यता दिली नव्हती. म्हणून दहा विजय म्हणजे जमिनीवर मोडून पडलेली दहा विमाने, असे समीकरण मांडता येत नाही. ह्यामुळे रॉय ह्यांच्या कर्तृत्वास उणेपणा येत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरावरून ठरवावा लागतो, एवढेच सिद्ध होते.

२२ जुलै १९१८ रोजी कार्व्हँ गावावर जर्मनांच्या फोकर डी-७ विमानांशी झालेल्या झुंजीत रॉय मारले गेले. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांजवळ तेव्हा हवाई छत्री नसे. विमान पेटले तर सुटकेचा मार्ग राहत नसे. नऊ दिवसांनी, ३१ जुलैला, मॅकएलरॉय ह्यांनाही मृत्यूने गाठले. रॉय ह्यांचे पदक सप्टेंबरमध्ये जाहीर झाले.

उत्तर फ्रान्समधील एस्तवेल येथील त्यांच्या समाधीवर बंगाली लेख आहे. ही महावीराची समाधी आहे. ‘संभ्रम’ दाखवा, स्पर्श करू नका, असा त्याचा आशय. मराठी वाचक ‘संभ्रम’ शब्दाशी क्षणभर अडखळेल, कारण मराठीत त्याचा अर्थ गोंधळ असा झाला आहे. बंगालीत मात्र आदर हा त्याचा अर्थ टिकून आहे. शासकीय मानपत्राने ह्या तरुणाची पाडलेली विमाने मोजली. मातृभाषेतील त्या शिळालेखाने एकही आकडा दिला नाही. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. तथापि डिसेंबर १९१७ ते जून १९१८ हे विजयाविना गेलेले महिने, ज्यांत परत उडण्याचा निश्चय पक्का झाला, ते केवळ पहिल्या नोंदीवरून इतिहासकाराला कधीच कळले नसते.