१२ मे २००८ : यंत्रहातांनी मेंदूतील गाठ काढली

कॅनडातील कॅलगरी शहरात फुटहिल्स रुग्णालयात १२ मे २००८ रोजी एका २१ वर्षांच्या तरुणीच्या मेंदूतील गाठ ‘न्यूरोआर्म’ या रोबोच्या साह्याने काढण्यात आली. न्यूरोसर्जन डॉ. गार्नेट सदरलँड यांच्या नेतृत्वाखाली कॅलगरी विद्यापीठात हा रोबो साकारला. ‘कॅनडार्म’ या अवकाशातील यंत्रहाताशी निगडित असलेल्या एमडीए कंपनीचे अभियंते त्यांच्या जोडीला होते.

त्याआधी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे ‘प्यूमा’ या औद्योगिक रोबोने सीटी स्कॅनच्या आधारे मेंदूतील बायोप्सीच्या सुईला दिशा दिली होती. परंतु कवटी उघडल्यावर मेंदू किंचित सरकतो आणि आधीच्या स्कॅनवरचा नकाशा चुकू लागतो. म्हणूनच शस्त्रक्रिया सुरू असतानाच एमआरआय घेता यावा, हे सदरलँड यांचे उद्दिष्ट होते. एमआरआय यंत्राच्या प्रबळ चुंबकाजवळ पोलादी भाग किंवा साध्या मोटारी चालत नाहीत. त्यामुळे न्यूरोआर्ममध्ये टायटॅनियम, विशेष प्लास्टिक आणि चुंबकाशिवाय चालणाऱ्या मोटारी वापरल्या गेल्या.

सर्जन वेगळ्या कक्षातून पडद्यावर पाहत न्यूरोआर्मचे दोन्ही यंत्रहात चालवतो. त्याच्या हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो, हालचाल लहान प्रमाणात उतरते आणि अवजाराला झालेला स्पर्श त्याच्या बोटांपर्यंत परत पोहोचतो. मेंदूत मिलिमीटरभर चूकही वाचा किंवा हालचाल हिरावू शकते. तिथे निर्णय अनुभवी सर्जनचा आणि अचूकता यंत्राची, हा मेळ रुग्णाच्या हिताचा आहे.