भाड्याच्या भिंतीत खिळा कोण ठोकणार?

ब्रिटनमध्ये घरदुरुस्तीच्या सामानाची गोदामाएवढी दुकाने गेल्या काही वर्षांत एकामागून एक बंद पडली. 2011 मध्ये फोकस बुडाले, 2015 मध्ये बी अँड क्यूने साठेक दुकाने बंद करण्याचे जाहीर केले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये होमबेसने हात टेकले. याचे खापर इंटरनेटवर फोडणे सोपे आहे. पण टेक्सास आणि डू इट ऑल ही एके काळची मोठी नावे 1990 च्या दशकातच, ऑनलाइन खरेदी रुळण्याआधी, प्रतिस्पर्ध्यांच्या पोटात गेली होती. खरे कारण घरांच्या मालकीत आहे. ही दुकाने स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या जोरावर वाढली. त्याचे प्रमाण घटले, सवयी बदलल्या, आणि त्यांचा पायाच खचला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरी महागली, फुटकळ कामाला कारागीर मिळेनासा झाला. बीबीसीवर बॅरी बकनेल घरच्या घरी सुतारकाम शिकवू लागला; 1962 मध्ये त्याने एक पडके घर दुरुस्त करण्याची अख्खी मालिकाच केली. (जुन्या नक्षीदार दारांवर हार्डबोर्ड ठोकण्याचा त्याचा सल्ला इतक्यांनी मानला, की तो उपटण्यात पुढच्या पिढीचे कितीतरी रविवार गेले.) 1969 मध्ये रिचर्ड ब्लॉक आणि डेव्हिड क्वेल यांनी साउदॅम्प्टनमध्ये पहिले दुकान काढले, बी अँड क्यू हे नाव त्यांच्याच आडनावांचे. मोठी भर पडली ती 1980 च्या गृहनिर्माण कायद्याने. नगरपालिकेच्या भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला, आणि अनेकांनी आधी काय केले, तर पालिकेने बसवलेला पुढचा दरवाजा बदलला. रंग, कुलूप, बिजागरी, वॉलपेपर यांना हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. नोकरदाराला त्यासाठी फुरसत सुट्टीच्या दिवशीच. म्हणून बी अँड क्यू कायदा धुडकावून रविवारी दुकाने उघडी ठेवी. रविवारबंदीमुळे आयात मालाच्या व्यापाराला अडथळा येतो, असा युक्तिवाद घेऊन ते लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. तिथे हरले, पण 1994 मध्ये कायदाच बदलला.

2003 च्या सुमारास इंग्लंडमधली सुमारे 71 टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. तिथून घसरण सुरू झाली. खासगी भाडेकरूंचे प्रमाण दहा-बारा वर्षांत जवळपास दुप्पट होऊन पाचातल्या एका कुटुंबापर्यंत गेले. हा वर्ग मुख्यतः तरुणांचा, म्हणजे एरवी ज्यांनी पहिले ड्रिल मशीन घेतले असते त्यांचा. अनामत रक्कम कापली जाईल या धास्तीने तो भिंतीला भोक पाडत नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचीही स्वतः काम करण्याची सवय मोडली. 2004 नंतर पोलंडहून कुशल कारागीर आले. 2005 पासून घरातल्या वायरिंगच्या बऱ्याचशा कामांवर नियमांचे बंधन आले. यावर कोणी म्हणेल, की 2020 च्या टाळेबंदीत याच दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या, मग हौस मेली कुठे? हौस होतीच. पण तेव्हा माणसे घरात अडकली होती, आणि कारागिराला आत बोलावायला बिचकत होती. निर्बंध उठल्यावर ती तेजी ओसरली.

सर्वांत बोलका पुरावा ऑस्ट्रेलियाच्या वेसफार्मर्स कंपनीने दिला. 2016 मध्ये त्यांनी होमबेस 34 कोटी पौंडांना घेतले, उशा-पडदे आणि शोभेच्या वस्तू बाहेर काढल्या आणि आपल्या बनिंग्ज दुकानांच्या धर्तीवर हत्यारे-अवजारे भरली. त्यांनी गृहीत धरलेले, हातोडा चालवणारे गिऱ्हाईक आता फारसे उरले नव्हते. होमबेसला जे येत होते, ते पुष्कळसे त्या उशा-पडद्यांसाठीच. दोन वर्षांत सगळा डोलारा एका पौंडाला विकावा लागला. निव्वळ व्यवस्थापनाची चूक म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण चूक झाली ती गिऱ्हाईक ओळखण्यात. उलट उदाहरण बी अँड क्यूच्या मालकांच्याच घरात आहे. किंगफिशर कंपनीच्या स्क्रूफिक्सची दुकाने लहान. फोनवर मागणी नोंदवायची आणि काही मिनिटांत काउंटरवरून माल उचलायचा. तिथला मुख्य ग्राहक प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार. बी अँड क्यूची दुकाने आज तीनशेच्या आसपास आहेत, स्क्रूफिक्सची नऊशेच्या वर.