दूधगंगेचा पूल आणि ब्रेनरची खिंड

कळंब्याहून निघून कागल मागे टाकले आणि दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळीचा टोलनाका लागतो. तेथे पाट्यांवरची लिपी बदलते आणि बसगाड्यांचा रंग बदलतो. उसाचे फड मात्र तेच, माती तीच आणि चहाच्या टपरीवरची बोलीही तीच. ही सीमा फार पुरातन असावी असा समज आमच्या तरुण वाचकांत आढळतो. वस्तुतः ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी जन्मास आली.

तत्पूर्वीचा इतिहास पाहता आश्चर्य वाटते. रायबाग हा कोल्हापूर संस्थानचा मुलूख होता. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि रायबाग बेळगाव जिल्ह्यास जोडण्यात आले. दोन्ही जिल्हे एकाच राज्यात असल्यामुळे त्याचे कोणास विशेष दुःख झाले नाही. सात वर्षांनी राज्य पुनर्रचना कायद्यानुसार बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्याचा चंदगड तालुका तेवढा मागे राहून कोल्हापूरला मिळाला आणि कारभाराच्या सोयीची रेषा दोन राज्यांतील सीमा होऊन बसली. त्याहून मागे गेल्यास खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात कन्नड शिलालेख भेटतात. आजही कोल्हापूरचे भाविक सौंदत्तीच्या यल्लम्मास जातात आणि कर्नाटकातील भाविक नृसिंहवाडीस येतात. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती. रोटीबेटीच्या व्यवहाराबद्दल तर काय सांगावे? आमच्याच भागात निपाणी-चिकोडीकडील सुना किती आहेत, हे वाचकांनी स्वतःच मोजावे.

१९५६ नंतरची कहाणी सर्वांस ठाऊक आहे, म्हणून येथे ती थोडक्यात देतो. त्या वर्षी १७ जानेवारीस बेळगावात गोळीबार होऊन मराठी माणसे बळी पडली. १ जून १९८६ रोजी कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा रक्त सांडले. न्यायमूर्ती महाजन यांच्या आयोगाने १९६७ साली निपाणी व खानापूर महाराष्ट्रास द्यावे, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवावे असे सुचविले. महाराष्ट्राने ते मान्य केले नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. रेषा कोठे असावी हा प्रश्न त्या न्यायासनापुढे आहे आणि तो तेथेच राहू द्यावा. आम्ही विचारतो तो प्रश्न निराळा आहे. रेषा आहे तेथे असताना तिच्या काठावरच्या माणसाने जगावे कसे?

युरोपात हाच प्रश्न अधिक रक्तरंजित स्वरूपात उभा होता. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या तहाने आल्प्स पर्वतातील ब्रेनरच्या खिंडीपर्यंतचा दक्षिण टिरोल इटलीस मिळाला. तेथील बहुसंख्य प्रजा जर्मन बोलणारी होती. १९२३ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने जर्मन शाळा बंद करण्याचा कायदा केला. तेव्हा मायकेल गाम्पर नावाचे एक कॅथोलिक धर्मगुरू पुढे सरसावले. त्यांच्या प्रेरणेने घराघरांत, माजघरांत आणि कोठारांत मुलांना चोरून जर्मन लिहा-वाचावयास शिकविण्यात येऊ लागले. आद्य ख्रिस्ती लोकांच्या भुयारांवरून या वर्गांना ‘भुयारी शाळा’ असे नाव पडले. धर्मशिक्षण तेवढे चर्चच्या आवारात मातृभाषेत देता येत असे, आणि मुलांच्या कानी ती भाषा उघडपणे पडावयाची ती तेथेच. बेळगावच्या मराठी शाळांची काळजी वाहणाऱ्यांना हा इतिहास परका वाटू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीचे पंतप्रधान झालेले आल्चिदे डे गास्पेरी हे स्वतः सीमेवरचे. १८८१ साली जन्मले तेव्हा त्यांचे त्रेंतिनो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आणि व्हिएन्नाच्या संसदेतही ते बसले होते. (फ्रान्सचे रॉबर्ट शूमान, ज्यांना ख्रिस्तसभेने २०२१ मध्ये ‘आदरणीय’ घोषित केले, तेही लक्झेंबर्गमध्ये जन्मलेले व तरुणपणी जर्मन नागरिक असलेले लोरेनकर. युरोपची एकी घडविणारी माणसे सरहद्दीवर वाढली, यास आम्ही योगायोग मानत नाही.) ५ सप्टेंबर १९४६ रोजी डे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री ग्रूबर यांनी पॅरिसमध्ये करार केला. सीमा तसूभरही हलली नाही. पण जर्मन भाषेत शिक्षण, कचेऱ्यांत दोन्ही भाषांना समान स्थान आणि स्वायत्तता ही तीन अभिवचने लिहून देण्यात आली.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९४८ मध्ये ही स्वायत्तता देताना डे गास्पेरी यांनी इटालियन बहुसंख्येचे आपले त्रेंतिनोही त्याच प्रदेशात जोडले, आणि जर्मन भाषिक पुन्हा अल्पसंख्य ठरले. कागदावरील अभिवचन व्यवहारात पातळ झाले. ऑस्ट्रियाने १९६० साली हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला आणि १९६१ च्या जूनमध्ये एका रात्री विजेचे मनोरे स्फोटांनी उडविले गेले. १९७२ च्या नव्या स्वायत्तता कायद्याने प्रांताला खरे अधिकार मिळाले आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे जाहीर केले. करारापासून समेटापर्यंत शेहेचाळीस वर्षे लागली.

तिकडील अभ्यासक आता सीमाप्रदेशांतील ये-जा, सहकार्य आणि एकजीवपणा यांचे मोजमाप करतात. युरोपीय आयोगाच्या २०१७ च्या निवेदनानुसार संघाच्या ४० टक्के भूभागावर व सुमारे १५ कोटी लोकवस्तीवर अंतर्गत सीमांची छाया आहे. पहारे उठले तरी अडचणी उरतात, हे त्यांच्या ध्यानी आले. विमा, पदव्यांची मान्यता, करांचे दाखले अशा कागदांत माणूस अडतो. आमच्याकडे तर पहारे कधीच नव्हते, कागद मात्र आहेत. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणास चालत नाही. अधिवासाच्या अटीने प्रवेश अडतात.

तरीही लोकांनी वाटा काढल्या. निपाणीचे देवचंद महाविद्यालय शहराला लागूनच, पण महाराष्ट्राच्या हद्दीत अर्जुननगर येथे आहे आणि ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात, हा तेथील विद्यार्थ्यांचा नित्यक्रम आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. नाव कोल्हापूरचे आणि अथणीच्या कारागिराचा हात त्यास लागलेला, हे कायद्यानेच मान्य केले. दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाच्या पाण्यातही कर्नाटकाचा वाटा आहे. २०१९ च्या महापुरात महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हा अलमट्टीवरून आरोपांची फैर झडली. जून २०२१ मध्ये मात्र दोन्ही राज्यांचे नेते बेंगळुरूत बसून पाण्याच्या विसर्गाची माहिती एकमेकांस देण्याविषयी बोलले. ख्रिस्तसभेपुरते बोलायचे तर, बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये गोव्याच्या महाधर्मप्रांतातून निर्माण झाला तेव्हा ते शहर मुंबई राज्यात होते. तीन वर्षांनी राज्य बदलले, धर्मप्रांत तसाच राहिला.

सहकार्याचा धागा तुटतोही लवकर. मार्च २०२० मध्ये साथीपायी इटलीचे गोरित्सिया आणि स्लोव्हेनियाचे नोवा गोरित्सा यांच्यामधल्या चौकात पुन्हा कुंपण उभे राहिले; कोगनोळीच्या नाक्यावर तपासणी २०२१ मध्येही चालू होती. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये बसगाड्यांना काळे फासले गेले व फेऱ्या थांबल्या. त्या दिवशी स्थानकावर अडकलेली आजारी म्हातारी मराठी होती की कन्नड, याची चौकशी कोणी केली नसावी.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्यघटनेच्या ३५०-ब या कलमान्वये आयुक्त आहे. जेथे अल्पसंख्य भाषिक १५ टक्के वा अधिक असतील तेथे सरकारी नियम व सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असे ठरलेले आहे. बेळगाव-खानापूरच्या मराठी माणसाची जुनी मागणी याहून फार मोठी नाही. जत तालुक्यातील कन्नड शेतकऱ्याचे पाण्यावाचूनचे गाऱ्हाणेही महाराष्ट्राने त्याच कानाने ऐकावे, असे आम्हांस वाटते.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांना आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवर पुइग्सेर्दा येथे २०१४ पासून दोन्ही देशांच्या रुग्णांसाठी एकच रुग्णालय चालते. ते उभे राहण्यास दहाहून अधिक वर्षे वाटाघाटी कराव्या लागल्या. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या बैठकीत दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती नेमण्याचे ठरले होते. निपाणीच्या रुग्णाचे कोल्हापुरातील उपचारांचे देयक कोणी भरावे, हा त्या सहा जणांपुढे ठेवण्याजोगा पहिला विषय होता.